कुत्र्याला घेऊन द्राक्षांच्या मुलखात: पुण्याहून राहत्या गाडीने वायनरीपर्यंत

वायनरीच्या सहलीला कुत्रा न्यायचा म्हणजे जे फळ त्याला विष आहे, त्याच्याच बागेत त्याला फिरवायचं. हे लोकांना माहीत नसतं असं नाही, पण तिथे गेल्यावर फोटो काढायच्या नादात डोक्यातून निघून जातं. म्हणून गाडी, रस्ता आणि बाटल्या या सगळ्यांच्या आधी द्राक्षाचं सांगतो.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात दोन पलंग, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. बरोबर असतात बायको सुनंदा आणि ग्रीस. ग्रीस म्हणजे आमचा गावठी कुत्रा. काळा कुळकुळीत, अठरा किलोचा. वाइन सुनंदाला आवडते, गाडी मला आवडते आणि ग्रीसला दोन्हीकडची माणसं आवडतात. अशी वाटणी असली की सहल सोपी जाते. दोघांनाही प्यायची असेल तर पुढे वेगळा हिशेब दिला आहे.

द्राक्ष, मनुका आणि चिंचसुद्धा

द्राक्षं खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती दाणे चालतात, याला उत्तर नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, तर दुसरा थोड्यात आडवा होतो. त्यामुळे ‘आमच्याने मागे खाल्ली होती, काही झालं नाही’ हा दाखला कामाचा नाही. २०२१ पासून पशुवैद्यकांचा रोख द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून गाडीत केलेली चिंचगुळाची आमटी त्याच्या भातावर ओतू नका. मनुके आणि बेदाणे तर आटवलेली द्राक्षंच, म्हणजे आणखी वाईट. आपल्या प्रवासी खाण्यात ते कुठे कुठे असतात बघा: चिवड्यात, शिऱ्यात, पुलावात, फ्रूट केकमध्ये. आमच्याकडे गाडीतल्या चिवड्यात बेदाणे घालत नाहीत. सुनंदाने यावर एकदा कुरकूर केली आणि मग खोबऱ्याचे काप वाढवले.

वायनरीत आणखी एक गोष्ट असते, रस काढल्यावर उरलेला चोथा. सालं, बिया आणि देठं यांचा हा ढीग शेडच्या मागे पडलेला असतो. तो आंबत असतो, म्हणजे द्राक्षाचं विष अधिक अल्कोहोल. वास असा गोडसर येतो की कुत्रा दोरी तोडून तिकडे जाईल. तेव्हा वायनरीच्या मागच्या बाजूला कुत्रा नेऊच नका, तिथे कितीही छान सावली दिसली तरी.

बागेतून चालायचं असेल तर जाळीचं मुसकं घाला. कापडी पट्ट्याचं नको, त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत. जाळीच्या मुसक्यातून तो पाणी पितो, जीभ बाहेर काढतो, पण जमिनीवर पडलेला घड उचलू शकत नाही. सवय मात्र घरी लावावी लागते. आठवडाभर मुसक्याच्या आत पीनट बटर किंवा दही चाटवलं की तो स्वतःच तोंड घालतो. पीनट बटरच्या डबीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं नाही ना, एवढं बघून घ्या. तेही कुत्र्याला विषच.

खाल्लंच तर लक्षणांची वाट बघत बसायचं नाही. उलटी साधारण पहिल्या दिवसात होते, मग मरगळ, खाणं बंद, लघवी कमी. लघवी कमी होईपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या दोन तासांत डॉक्टरने उलटी काढून दिली तर बराच धोका टळतो, पुढे सलाइन आणि मूत्रपिंडाचं काम कळायला रक्तात क्रिएटिनिन तपासणं आलं. घरच्या घरी मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठानेच दुसरं दुखणं उभं राहतं. निघण्याआधी संगमनेर, सिन्नर आणि नाशिक इथल्या प्राण्यांच्या एकेका दवाखान्याला फोन करून ‘रात्री कोण असतं?’ एवढं विचारा आणि नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. बागांच्या पट्ट्यात मोबाइलची रेंज जाते तेव्हा कागद जात नाही.

कधी जायचं

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्च. आता हेच कुत्र्याच्या बाजूने वाचा.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचा लेप लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. हे जहाल औषध आहे. ते अंगाला लागलेल्या माणसाने त्यानंतर दारू घेतली तरी त्याला त्रास होतो, म्हणजे वाइन प्यायला गेलेल्यांनी तर पेस्टिंग झालेल्या काड्यांना हातच लावू नये. कुत्रा अंग घासतो आणि मग अंग चाटतो. म्हणून ऑक्टोबर बाद. पुढे डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. बोर्डो मिश्रण, गंधक आणि बाकी बरंच काही. बागेच्या कडेला थांबलात तर शेतकऱ्याला सरळ विचारायचं, ‘दादा, आज काय मारलं?’ ते सांगतात. एकाने मला उलट विचारलं होतं, ‘तुम्ही पिणार का कुत्रं पिणार?’ पण सांगितलं.

जानेवारी-फेब्रुवारीत वायनरी सगळ्यात देखणी असते, घड लगडलेले, क्रेट भरून ट्रॅक्टर येतात. कुत्र्यासाठी हाच सगळ्यात धोक्याचा काळ, कारण खाली सडा पडलेला असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी डिसेंबरचा पहिला पंधरवडा सांगेन. फळ अजून हिरवं आणि आंबट, हवा गार, आणि नाताळची झुंबड सुरू व्हायची असते. शनिवार-रविवार टाळा. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, निवडणुकीच्या आधीही असतो, हे तारीख ठरवतानाच बघून घ्या. पावसाळा दिसायला सुंदर, पण साठलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका आणि गोचिडी. मी जात नाही.

थंडीला हलक्यात घेऊ नका. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कडाक्याच्या रात्री तिथले शेतकरी घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. पत्र्याच्या गाडीत पहाटे अंगावर दव पडतं. ग्रीसला जुन्या घोंगडीचा अंगरखा शिवला आहे. गाडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून खिडक्या लावून झोपणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. दोन खिडक्या बोटभर उघड्या, त्यांना जाळी, आणि पांघरुणं जास्त. एवढ्यावर भागतं.

गाडी

भाड्याने कॅराव्हॅन मिळतात, राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ सालीच आलं आहे. भाड्याची घेतलीत तर नंबरप्लेट पांढरी नाही ना बघा. पांढऱ्या प्लेटची गाडी कोणी भाड्याने देत असेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करेल. कुत्रा चालतो का, हे फोनवर नाही, लिहून घ्या. आणि गाडी उभी असताना एसी कशावर चालतो तेही विचारा: इंजिनवर, जनरेटरवर की बाहेरच्या प्लगवर? हे मालकाला सांगता येत नसेल तर दुसरी गाडी बघा.

स्वतःची बनवत असाल तर सीट काढून पलंग टाकण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायला परवानगी लागते आणि आर.सी.वर नोंद लागते. ‘कोण बघतंय?’ म्हणणारे गॅरेजवाले पुष्कळ आहेत. पासिंगच्या दिवशी ते बरोबर येत नाहीत.

कुत्र्याची जागा कुठे असावी, यावर माझं ठाम मत आहे: दोन आसांच्या मध्ये, खाली, जमिनीवर. मागच्या चाकांच्याही मागे त्याचा बिछाना टाकणारे लोक मी बघतो. एसटीच्या शेवटच्या बाकावरून आळेफाट्यापर्यंत गेलेल्या माणसाला विचारा, त्याची कंबर सांगेल. गाडी मागे उसळते, मध्ये कमी हलते, आणि जेवढी कमी हलेल तेवढा कुत्रा कमी ओकतो. खाली रबरी मॅट, वर सतरंजी. छातीचा हार्नेस घालून तो सीटबेल्टच्या बोल्टला बांधायचा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, ब्रेक लागला की मान जाते. दोरी एवढी की उठून वळता येईल, पण ड्रायव्हरच्या पायापर्यंत येता येणार नाही. क्लच पेडलखाली कुत्र्याचं नाक हा प्रकार घाटात परवडत नाही.

पाण्याची टाकीही मध्येच आणि खालीच हवी. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ते मागे टांगलंत तर पाटे बसतात आणि पुढचं स्टेअरिंग हलकं पडतं. कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी धरा. ग्रीसला लिटरभर, उन्हात जास्त. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर, उभा, पट्ट्याने बांधलेला. स्वयंपाक शक्यतो दार उघडं ठेवून किंवा बाहेर.

उन्हाचा हिशेब तोंडपाठ असावा. बाहेर २१ अंश असताना बंद गाडीच्या आत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंश होतात. नाशकात डिसेंबरच्या दुपारी २१ हून जास्तच असतं. म्हणजे ‘तू गाडीत बस, आम्ही पटकन टेस्टिंग करून येतो’ हे वाक्य या सहलीत नाही. एक जण आत, एक जण कुत्र्याबरोबर सावलीत. पाळीपाळीने.

रस्ता

एकदम नाशिक करू नका. आधी एक रात्र जवळ काढून बघा. सोलापूर रस्त्याने पाटस, तिथून बारामतीकडे वळलं की रोटी घाट लागतो, तुकोबांच्या पालखीचा रस्ता. रोटीला फोर सीझन्सची वायनरी आहे. पुण्याहून दोन तासांचं अंतर, काही बिनसलं तर रात्री परत येता येतं. पुढे अकलूजकडे फ्रातेल्लीच्या बागा आहेत, पण तो स्वतंत्र बेत आहे. निघताना सगळीकडे आधी फोन करा आणि तीन वेगवेगळे प्रश्न विचारा: कुत्रा हिरवळीवर चालतो का? टेस्टिंगच्या खोलीत चालतो का? मोठी गाडी रात्री आवारात उभी करू देता का? ‘पेट फ्रेंडली आहे का?’ असं मोघम विचारलंत की उत्तरही मोघम येतं.

नाशिकला जायचा राष्ट्रीय महामार्ग ६०, दोनशेदहा किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला घर सोडा. भोसरी, मोशी आणि चाकण हे कंपन्यांच्या बस रस्त्यावर यायच्या आधी मागे पडलं पाहिजे, नाहीतर चाकणच्या चौकात कुत्रा, बायको आणि इंजिन तिन्ही तापतात. निघण्याआधी तीन-चार तास कुत्र्याला खायला देऊ नका. खेड ओलांडल्यावर पहिली थांबण्याची जागा शोधा.

न्याहारी नारायणगावला. टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या राहुट्या यांसाठी गाव प्रसिद्ध, पण भारतातल्या फेसाळ वाइनची गोष्टही इथलीच. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इथे इंडेज ही वायनरी उभी केली, त्यांची ओमर खय्याम ही फेसाळ वाइन परदेशातही जायची. आता ते वैभव नाही. नाशिकचं नाव व्हायच्या आधी पुणे जिल्हा पुढे होता, हे सांगितल्याशिवाय मला इथून गाडी पुढे नेता येत नाही. सुनंदा म्हणते, ‘सांगून झालं? चला.’

ढाब्यावर थांबताना आधी एकाने उतरून फेरी मारायची. प्रत्येक ढाब्याची स्वतःची कुत्र्यांची टोळी असते आणि तुमचा कुत्रा त्यांच्या हद्दीत उतरणारा परका. शेवटच्या टपरीच्या पुढे शंभर-दोनशे मीटरवर थांबलं की भांडण होत नाही. चंदनापुरी घाटात उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर उभे राहू नका. घरसामान भरलेली गाडी रिकाम्या गाडीसारखी थांबत नाही.

सिन्नरला निर्णय घ्यायचा. सरळ गेलात तर नाशिक शहर आणि पलीकडे गंगापूर धरणाकडचा रस्ता. सुला, यॉर्क आणि सोमा तिकडे. सुलाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे वेली लावल्या आणि सगळा भाग बदलला. पण सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर मोठी गाडी वळवायलाही जागा मिळत नाही, आणि गर्दीत कुत्र्याच्या शेपटीवर कोणीतरी पाय देतंच. मी सिन्नरहून डावीकडे घोटीचा रस्ता धरतो. शहर टळतं, आणि पुढे सांजेगावच्या बाजूला वलोने आणि ग्रोव्हर झांपा, जवळ मुकणे धरणाचं पाणी. शांत आहे. दिंडोरी आणि निफाड-विंचूर या बाजू दुसऱ्या खेपेला ठेवा. निफाडला गेलात तर नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर कुत्रा नेऊ नका. ते पक्षी अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतलं. तिथे एक जण पक्षी बघतो, दुसरा गाडीपाशी कुत्र्याबरोबर.

रात्र

पुण्याच्या वाचकांना हे सांगायला नको असं वाटतं, तरी सांगतो. जुन्नर, संगमनेर, सिन्नर, निफाड, दिंडोरी, हा सगळा बिबट्याचा मुलूख आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालवावं लागतं, इतके. ते उसात राहतात, बागांमधूनही फिरतात, आणि कुत्रा हे त्यांचं आवडतं भक्ष्य. संगमनेरशेजारच्या अकोले तालुक्यातला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा उगाच नसतो.

सांजेगावच्या बाजूला ज्यांच्या खळ्यात आम्ही गाडी लावली त्या आजोबांनी ग्रीसकडे बघून पहिलं वाक्य हेच म्हटलं, ‘कुत्रं आत घ्या बरं का, वाघ येतो.’ पाऊस येतो म्हणावं तितक्या सहज.

तेव्हा रात्री कुत्रा गाडीच्या आत. गाडीखाली बांधलेला नाही, दाराला बांधलेला नाही. शेवटची फेरी सूर्य मावळायच्या आत. मध्यरात्री त्याला उतरावंच लागलं तर दोघांनी उतरायचं, मोठा टॉर्च, आखूड दोरी, गाडीच्या दारापासून चार पावलं, काम झालं की आत. हाडं-उरलेलं अन्न बाहेर टाकायचं नाही. त्याला गावची कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

गाडी लावायला कृषी पर्यटन केंद्रं उत्तम, संडास आणि नळ मिळतो, प्लग मिळतो. नाहीतर शेतकऱ्याला विचारून घराच्या अंगणात. न विचारता बांधावर कधीच नाही. पहाटे ब्लोअरचा ट्रॅक्टर फवारत आला तर सगळं तुमच्या खिडकीतून आत येतं. हायवेवरच अडकलात तर दिव्यांचा पेट्रोल पंप, मॅनेजरला सांगून.

वाइन

आता ज्याच्यासाठी गेलात ते. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टेस्टिंगचे पाच-सहा घोट ‘चाखणं’ वाटतात, मशीनला ते पिणंच वाटतं. चालवणाऱ्याने चाखून थुंकायचं. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकलं तर कोणी नाक मुरडत नाही. मला पहिल्यांदा संकोच वाटला, वाइन ओतणाऱ्या पोराने शांतपणे भांडं पुढे सरकवलं, ‘काका, बिनधास्त.’ दोघांनाही प्यायची असेल तर जिथे रात्री गाडी हलणार नाही अशा आवारातच दुपारनंतरचं टेस्टिंग घ्या, आणि दोघांपैकी कुत्रा कोण सांभाळणार ते पहिल्या ग्लासाआधी ठरवा.

चाखताना पांढरी आधी, मग रोझे, मग लाल, गोड शेवटी. सुनंदाला शेनिन ब्लाँ ही पांढरी आवडते, तिखट मिसळीनंतर तर फारच. शिराज ही लाल मटणाबरोबर. चीजच्या ताटलीत द्राक्षं आणि मनुके येतातच, मागवतानाच ‘ते वगळून आणा’ सांगा. टेबलाखाली बसलेल्याच्या तोंडाशी काय पडेल याचा भरवसा नाही.

बाटल्या डॅशबोर्डवर किंवा टपावर नको. पलंगाखाली, आडव्या, पांघरुणात गुंडाळून. गाडी तापते तिथे वाइन दोन दिवसांत उतरते.

कागदांत कुत्र्याचं रेबीज लसीचं पुस्तक, पुणे महापालिकेचा परवाना, त्याचा सध्याचा फोटो, आणि पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला. गोचिडीचं औषध निघण्याच्या आधी डॉक्टरला विचारून द्या, आणि रोज संध्याकाळी कानामागे, बगलेत, पायांच्या बोटांमध्ये हात फिरवा. परत आल्यावर दोन आठवडे ताप, सुस्ती किंवा फिकट हिरड्या दिसल्या तर गोचिडताप तपासून घ्या.

परतीला संगमनेरहून असे निघा की चाकण दुपारी तीनच्या आत किंवा रात्री नवानंतर लागेल. जमत नसेल तर खेडलाच जेवून घ्या.